आयरिश शैलीचा भरलेला बटाटा

आयरिश शैलीचा भरलेला बटाटा हा सालीसकट भाजलेल्या बटाट्यापासून तयार होणारा खाद्यपदार्थ आहे. भाजलेल्या बटाट्याचा गर काढून त्यात शिजवलेला कोबी किंवा केल, कांद्याची पात, दूध व लोणी मिसळतात. हे सारण पुन्हा सालीत भरून, वर चीज घालून बटाटा दुसऱ्यांदा भाजला जातो. पूर्वी यासाठी ओव्हन वापरला जाई. २०१० नंतर एअर फ्रायरचा प्रसार झाल्यापासून अनेक घरांत तो या उपकरणात केला जातो.

हा पदार्थ आयर्लंडच्या जुन्या खेड्यांतील स्वयंपाकात याच रूपात आढळत नाही. त्याचे सारण कॉलकॅनन आणि चॅम्प या दोन आयरिश पदार्थांवरून घेतलेले आहे; भाजून भरण्याची पद्धत ब्रिटन व अमेरिकेतून, तर एअर फ्रायर नेदरलँड्समधून आलेला आहे. त्यामुळे ‘आयरिश’ हे विशेषण मुख्यतः सारणाला आणि पिठूळ बटाट्याच्या आवडीला लागू पडते.

नाव

आयरिश भाषेत बटाट्याला ‘प्राता’ म्हणतात. मराठीतील ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीज ‘बाताता’वरून आला आहे. सालीसकट भाजलेल्या बटाट्याला ब्रिटन व आयर्लंडमध्ये ‘जॅकेट पोटॅटो’ असे नाव आहे, तर गर काढून, भरून पुन्हा भाजलेल्या प्रकाराला अमेरिकेत ‘ट्वाइस बेक्ड पोटॅटो’ म्हणजे ‘दोनदा भाजलेला बटाटा’ म्हणतात. अमेरिकेच्या काही भागांत रताळ्यापासून वेगळा ओळखता यावा म्हणून साध्या बटाट्यालाच ‘आयरिश पोटॅटो’ म्हटले जाते. म्हणून जुन्या अमेरिकी पाककृतींत हा शब्द आला, तरी ती पाककृती आयरिश असेलच असे नाही.

पार्श्वभूमी

आयर्लंडमधील बटाटा

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतप्रदेशातील आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो आयर्लंडमध्ये पोहोचला. वॉल्टर रॅले याने कॉर्क काउंटीतील यॉल येथे तो प्रथम लावला, अशी आख्यायिका प्रसिद्ध असली तरी तिला पुरावा नाही. थंड व दमट हवामान बटाट्याला मानवले. थोड्या जमिनीत मोठे कुटुंब पोसण्याची क्षमता असल्यामुळे अठराव्या शतकात तो अल्पभूधारक व शेतमजुरांचे मुख्य अन्न बनला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कष्टकरी प्रौढ पुरुष दिवसाला सुमारे ५ ते ६ किलो बटाटे खात असे. त्यासोबत ताक असे. बटाटा व ताक यांतून शरीराला लागणारी बहुतेक पोषकद्रव्ये मिळत.

खेड्यातील घरांत बंदिस्त भट्टी क्वचितच असे. पीटच्या विस्तवावर टांगलेल्या लोखंडी भांड्यात बटाटे सालीसकट उकडले जात व टोपलीत निथळून कुटुंबातील सर्वजण त्याभोवती बसून खात. निखाऱ्यांच्या राखेत पुरून बटाटे भाजण्याची रीतही होती. उकडताना साल फुटून आतला गर पिठासारखा मोकळा दिसावा, ही चांगल्या बटाट्याची खूण मानली जाई. पिठूळ बटाट्याची ही आवड आयर्लंडमध्ये आजही टिकून आहे.

महादुष्काळ

१८४५ मध्ये ‘फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स’ या बुरशीसदृश सूक्ष्मजीवामुळे होणारा उशिराचा करपा हा रोग आयर्लंडमधील बटाट्यावर पडला. त्या काळी सुमारे ३० लाख लोक जवळजवळ पूर्णपणे बटाट्यावर अवलंबून होते. गरिबांच्या शेतांत मुख्यतः ‘लंपर’ हा एकच वाण होता. निकृष्ट जमिनीतही तो भरघोस येई. मात्र त्याची लागवड कंदांपासून होत असल्याने सर्व झाडे जनुकीयदृष्ट्या एकसारखी होती आणि त्यांच्यात या रोगाला प्रतिकार करण्याची शक्ती नव्हती. १८४५ मध्ये पिकाचा मोठा भाग गेला, १८४६ मध्ये जवळपास सगळेच पीक नष्ट झाले. १८५२ पर्यंतच्या काळात सुमारे १० लाख लोक उपासमार व रोगराईने मरण पावले आणि साधारण तितक्याच लोकांनी देश सोडला. १८४१ च्या जनगणनेत ८१.७५ लाख असलेली बेटाची लोकसंख्या १८५१ मध्ये ६५.५ लाखांवर आली. १८४१ ची पातळी ती अद्याप गाठू शकलेली नाही.

या काळातही आयर्लंडमधून धान्य, जनावरे व लोणी यांची निर्यात चालू होती. १७७० मध्ये सुरू झालेला कॉर्कचा लोणीबाजार जगातील मोठ्या लोणीबाजारांपैकी एक होता. अनेक लहान शेतकरी घरचे लोणी विकून खंड भरत आणि ताक स्वतःसाठी ठेवत. आज या पदार्थात सढळ हाताने घातले जाणारे लोणी त्या काळी ते काढणाऱ्या अनेकांच्या ताटात क्वचितच पडत असे.

सारणाची परंपरा

कॉलकॅनन

कॉलकॅनन म्हणजे कुस्करलेला बटाटा आणि शिजवलेला केल किंवा कोबी यांचे मिश्रण. आयरिश भाषेतील मूळ नावाचा अर्थ ‘पांढऱ्या डोक्याचा कोबी’ असा सांगितला जातो. विल्यम बल्कली या वेल्श प्रवाशाने १७३५ मध्ये डब्लिन येथे खाल्लेल्या अशाच एका पदार्थाची नोंद आपल्या रोजनिशीत केली आहे. त्यात कोबी व बटाट्याबरोबर पार्सनिप हे कंदमूळही होते. कॉलकॅनन ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनशी जोडलेले आहे. त्या रात्री त्यात अंगठी, नाणे अशा वस्तू लपवून ठेवत. ज्याच्या वाट्याला अंगठी येई त्याचे लवकर लग्न होणार, तर नाणे मिळालेल्याला धनलाभ होणार, असा समज होता.

चॅम्प

चॅम्प हा विशेषतः अल्स्टर प्रांतात लोकप्रिय असलेला पदार्थ आहे. कांद्याची पात दुधात उकळून ते दूध पातीसकट कुस्करलेल्या बटाट्यात घालतात. ताटात वाढल्यावर मध्ये खळगा करून त्यात लोणी सोडतात आणि बाजूचा बटाटा त्या वितळलेल्या लोण्यात बुडवून खातात. भरलेल्या बटाट्याच्या सारणात पात दुधात उकळण्याची पद्धत आणि वर लोण्यासाठी केलेला खळगा या दोन गोष्टी चॅम्पमधून आल्या आहेत.

भाजलेल्या बटाट्याची परंपरा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनच्या रस्त्यांवर गरम भाजलेले बटाटे विकणारे फेरीवाले होते. हेन्री मेह्यू याने लंडनमधील कष्टकऱ्यांवरील आपल्या ग्रंथात त्यांचे वर्णन केले आहे. हे बटाटे बेकरीच्या भट्टीत भाजून आणले जात आणि खाली विस्तव असलेल्या पत्र्याच्या डब्यात गरम ठेवले जात. अमेरिकेत १९०९ पासून नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेने आपल्या भोजनडब्यांत अतिशय मोठ्या आकाराचे भाजलेले बटाटे देण्यास सुरुवात केली. हेझेन टायटस या अधिकाऱ्याची ही कल्पना त्या रेल्वेची ओळख बनली.

उत्तर अमेरिकेत बटाट्याच्या लागवडीचा प्रारंभ १७१९ च्या सुमारास न्यू हॅम्पशायरमध्ये अल्स्टरहून आलेल्या वसाहतकारांनी केला, असे परंपरेने मानले जाते. महादुष्काळानंतर आयरिश स्थलांतरितांची संख्या पुष्कळ वाढली आणि १७ मार्चचा सेंट पॅट्रिक दिन हा अमेरिकेतील मोठा लोकोत्सव बनला. या दिवसाच्या जेवणात खारवलेले गोमांस व कोबी यांना अमेरिकेत मानाचे स्थान आहे. आयर्लंडमध्ये मात्र कोबीबरोबर बेकन खाण्याची प्रथा अधिक जुनी आहे. भरलेल्या बटाट्याचे समांस प्रकार या दोन रीतींनुसार वेगळे होतात.

बटाट्याची निवड

या पदार्थाचे यश मुख्यतः बटाट्याच्या वाणावर अवलंबून असते. पिठूळ बटाट्यात स्टार्चचे प्रमाण अधिक व पाणी कमी असते. भाजल्यावर त्याच्या पेशी एकमेकींपासून सुट्या होतात आणि गर हलका, मोकळा होतो. चिकट बटाट्यात पेशी एकमेकींना धरून राहतात. असा बटाटा रस्सा किंवा सॅलडसाठी चांगला असला, तरी भरण्यासाठी त्याचा गर जड पडतो.

आयर्लंडमध्ये लाल सालीचा ‘रूस्टर’, तसेच ‘कर्स पिंक’ व ‘गोल्डन वंडर’ हे पिठूळ वाण प्रसिद्ध आहेत. रूस्टर हा कार्लो येथील ओक पार्क संशोधन केंद्रात विकसित झाला, तर कर्स पिंक मूळचा स्कॉटलंडचा आहे. अमेरिकेत यासाठी ‘रसेट बर्बँक’ वापरतात. भारतात वेफर्ससाठी विकसित केलेल्या ‘कुफरी चिप्सोना’ वाणांत पाण्याचा अंश कमी असल्याने ते भाजण्यास योग्य ठरतात.

वाण माहीत नसल्यास मिठाच्या पाण्याची साधी चाचणी करता येते. ११ भाग पाण्यात १ भाग मीठ विरघळवून त्यात बटाटा सोडल्यास घनता जास्त असलेला पिठूळ बटाटा तळाशी जातो आणि चिकट बटाटा तरंगतो.

एअर फ्रायरचे कार्य

एअर फ्रायर हा आकाराने लहान, आत हवा वेगाने फिरवणारा ओव्हन आहे. फ्रेड व्हान डेर वेय या डच संशोधकाच्या रचनेवर आधारित एअर फ्रायर फिलिप्स कंपनीने २०१० मध्ये बाजारात आणला. उपकरणाच्या वरच्या भागात तापणारी तार व पंखा असतो आणि खाली छिद्रे असलेली टोपली असते. पंख्यामुळे गरम हवा पदार्थाच्या सर्व बाजूंनी वेगाने फिरते. पदार्थाभोवती साचणारी दमट हवा सतत दूर होत असल्याने पृष्ठभाग लवकर कोरडा पडतो व कुरकुरीत होतो. नावात ‘फ्रायर’ असले तरी त्यात तळण्याची क्रिया होत नाही.

बटाट्याच्या बाबतीत या वेगाचा फायदा मुख्यतः सालीला होतो. आतील गर शिजण्यासाठी उष्णता पृष्ठभागापासून मध्यापर्यंत पोहोचावी लागते, आणि हे अंतर पंख्यामुळे कमी होत नाही. तरीही लहान पोकळी लवकर तापत असल्याने ओव्हनमध्ये एक तास किंवा अधिक वेळ घेणारा बटाटा एअर फ्रायरमध्ये साधारण ४० ते ५० मिनिटांत भाजला जातो. उपकरणाची मर्यादा त्याच्या आकारात आहे. बटाटे एकमेकांना चिकटून किंवा एकावर एक ठेवल्यास हवा फिरत नाही; त्यामुळे मध्यम टोपलीत एका वेळी तीन ते चार बटाटेच नीट भाजतात.

साहित्य

चार जणांसाठी सर्वसाधारण प्रमाण पुढीलप्रमाणे असते :

• प्रत्येकी सुमारे २५० ग्रॅमचे ४ पिठूळ बटाटे
• १५० ग्रॅम बारीक चिरलेला कोबी किंवा केल
• कांद्याच्या पातीच्या ४ ते ५ काड्या
• १०० मिलिलिटर दूध
• ५० ग्रॅम लोणी
• ७५ ग्रॅम किसलेले चेडर चीज
• १ चमचा तेल, मीठ व मिरपूड

कृती

पहिली भाजणी

बटाटे घासून धुतात व पूर्ण कोरडे करतात. ओलसर सालीवरील पाणी आटेपर्यंत साल भाजली जात नाही. काट्याने प्रत्येक बटाट्याला सात-आठ ठिकाणी टोचे मारतात, म्हणजे आतील वाफेला वाट मिळते आणि साल फाटण्याची शक्यता कमी होते. तेल व मीठ चोळून बटाटे २०० अंश सेल्सिअसला भाजतात आणि अर्ध्या वेळेनंतर उलटतात.

बटाटा झाला की नाही हे वेळेपेक्षा आतील स्थितीवरून ठरवणे अधिक योग्य असते. सुरीचे टोक मध्यापर्यंत सहज गेले पाहिजे. स्वयंपाकाचा तापमापक असल्यास मध्यभागी ९६ ते ९९ अंश सेल्सिअस तापमान अपेक्षित असते. स्टार्च सुमारे ६० ते ७० अंशांना पाणी शोषून फुगतो, पण पेशींना जोडणारे पेक्टिन सैल होण्यास त्याहून अधिक तापमान लागते. त्यामुळे लवकर काढलेला बटाटा शिजलेला वाटला तरी कुस्करताना त्यात गुठळ्या राहतात.

सारण

बटाटे भाजत असताना कोबी मिठाच्या उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटे शिजवून घट्ट पिळून घेतात. पिळण्यात कसर राहिल्यास सारण पातळ होते. कांद्याची पात दुधात मंद आचेवर तीन-चार मिनिटे उकळतात.

भाजलेले बटाटे पाच मिनिटे निववून त्यांचे लांबीच्या दिशेने दोन भाग करतात. सालीला साधारण अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर राहील अशा बेताने चमच्याने गर काढतात. हा थर नसेल तर भरलेली साल कोलमडते. गर गरम असतानाच हाताने कुस्करतात. त्यात आधी लोणी आणि नंतर पातीचे गरम दूध थोडे थोडे घालतात, शेवटी कोबी, अर्धे चीज, मीठ व मिरपूड मिसळतात. मिक्सर वापरल्यास पेशी फुटून स्टार्च बाहेर पडतो आणि सारण डिंकासारखे चिकट होते.

दुसरी भाजणी

रिकाम्या साली १९० अंशांना तीन-चार मिनिटे भाजून कोरड्या करतात. त्यांत सारण उंचवटा येईल असे भरून उरलेले चीज वर दाबून बसवतात. १८० अंशांना ८ ते १० मिनिटांत वरचा भाग सोनेरी होतो. वाढताना मध्ये लहान खळगा करून त्यात लोण्याचा तुकडा ठेवतात.

एअर फ्रायरमधील हवेच्या झोतामुळे पृष्ठभागावर मोकळी राहिलेली कोबीची पाने करपतात किंवा उडून तापलेल्या तारेकडे जातात. म्हणून पाने सारणात पूर्ण मिसळलेली असावी लागतात आणि चीज मोकळे भुरभुरवण्याऐवजी दाबून लावले जाते. कच्ची पात वरून घालायची असल्यास ती भाजून झाल्यावर घालतात.

प्रकार

वरील मूळ प्रकार मांसविरहित आहे. आयरिश रीतीच्या समांस प्रकारात परतलेल्या बेकनचे तुकडे घालतात, तर अमेरिकी आयरिश प्रकारात खारवलेल्या गोमांसाचे बारीक तुकडे असतात. कोबीऐवजी केल वापरल्यास चव किंचित कडसर व पोत अधिक भरीव होतो. केवळ पात व लोणी घातलेले सारण चॅम्पच्या जवळ जाते. दुधाऐवजी ताक वापरल्यास सारणाला हलका आंबटपणा येतो.

पोषणमूल्ये

सालीसकट भाजलेल्या १०० ग्रॅम साध्या बटाट्यात सुमारे ९३ किलोकॅलरी ऊर्जा, २१ ग्रॅम कर्बोदके, २.५ ग्रॅम प्रथिने, २.२ ग्रॅम तंतू आणि केवळ ०.१ ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतात. पोटॅशियमचे प्रमाण सुमारे ५३५ मिलिग्रॅम असते. भरलेल्या बटाट्यातील बहुतेक स्निग्धांश लोणी व चीज यांतून येतो. एअर फ्रायर वापरल्याने तो कमी होत नाही.

सुरक्षितता

हिरवट झालेल्या किंवा मोठे कोंब आलेल्या बटाट्यात सोलानिनसारखी विषारी द्रव्ये वाढलेली असू शकतात. शिजवल्याने ती पुरेशी नष्ट होत नाहीत, म्हणून असे बटाटे वापरत नाहीत.

पिष्टमय पदार्थ १२० अंशांहून अधिक तापमानात कोरडे भाजले किंवा तळले असता ॲक्रिलामाइड तयार होते. अन्नातील त्याचे अस्तित्व २००२ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले. रंग जितका गडद तितके त्याचे प्रमाण अधिक असते. त्यामुळे साल व वरचा थर तपकिरी काळा न करता सोनेरी ठेवणे इष्ट असते. फार थंड जागी साठवलेल्या कच्च्या बटाट्यात स्टार्चची साखर होते आणि असा बटाटा लवकर काळपट होतो.

ॲल्युमिनियमच्या वर्खात गुंडाळून बटाटा भाजल्यास तो वाफेवर शिजतो आणि साल मऊ राहते. याहून गंभीर धोका नंतरच्या साठवणुकीत असतो. मातीतील ‘क्लोस्ट्रिडियम बोटुलिनम’ या जिवाणूचे बीजाणू भाजण्यातून टिकू शकतात आणि वर्खाच्या आत, हवेविना, खोलीच्या तापमानाला विष निर्माण करू शकतात. १९९४ मध्ये अमेरिकेतील एल पासो येथे अशा बटाट्यांपासून केलेल्या पदार्थामुळे ३० जणांना बोटुलिझमची बाधा झाली होती. म्हणून उरलेला बटाटा वर्ख काढून दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवणे व पुन्हा खाताना वाफा येईपर्यंत गरम करणे आवश्यक असते.

सांस्कृतिक स्थान

सेंट पॅट्रिक दिनाच्या सुमारास हिरवा रंग किंवा आयर्लंडमधील एखादा जिन्नस वापरून केलेल्या कोणत्याही पदार्थाला ‘आयरिश’ म्हणण्याची पद्धत विशेषतः अमेरिकेत रूढ आहे. एअर फ्रायरमधील भरलेला बटाटाही अशाच नव्या पदार्थांत मोडतो. तथापि त्याचे सारण केवळ सणापुरते रचलेले नाही. बटाटा, कोबी, पात व दूध हे आयर्लंडमधील अल्पभूधारकांच्या परसातील आणि गोठ्यातील जिन्नस होते. उकडण्याच्या भांड्याची जागा भट्टीने आणि भट्टीची जागा विजेच्या उपकरणाने घेतली, तरी कॉलकॅननचे हे मिश्रण सुमारे तीनशे वर्षांत मूलतः फारसे बदललेले नाही. ज्या पिकाच्या नाशाने देशाची लोकसंख्या घटली, तेच पीक आजही आयरिश जेवणाच्या केंद्रस्थानी असल्याचे या पदार्थातूनही दिसते.